एकशे चौदा वाट्यांची घंटा

“मग गाव म्हणजे नेमकं काय, अण्णा? मला दाखवा तरी. बोट ठेवून दाखवा.”

सर्जेराव उभ्यानंच विचारत होता. पायात बूट होते.

आमच्या भट्टीवर बूट घालून कोणी येत नाही. यात सोवळं-ओवळं काही नाही. जमिनीत ओल असली आणि तिच्यावर वितळलेल्या धातूचा रस सांडला, तर तो फटाक्यासारखा उडतो. ती ओल तळपायाला कळते, बुटाला कळत नाही. हे सर्जेरावाला माझ्याइतकंच ठाऊक होतं. नऊ वर्षं तो याच जमिनीवर अनवाणी वावरला होता.

अण्णांनी बुटांकडे पाहिलं.

“बसा, साहेब,” एवढंच म्हणाले.

साहेब. माझा हात भात्याच्या दांडीवरच थांबला. ज्याला ‘सर्जा, गाढवा’ यापलीकडे कधी हाक मारली नाही, त्याला आज साहेब.

अण्णा म्हणजे माझे वडील, नेमाण्णा कासार. वय ब्याऐंशी. सहा तालुक्यांतल्या देवळांत त्यांनी ओतलेल्या घंटा आहेत, आणि ते स्वतः एकाही देवळात पाया पडायला जात नाहीत. मी पद्मा. नवरा वारल्यापासून माहेरी आहे आणि भाता माझ्याकडे आहे. सर्जेराव लोहार हा अण्णांचा शिष्य. होता म्हणायचं की आहे म्हणायचं, ते त्या दिवशी ठरायचं होतं.

सोळाव्या वर्षी त्यानं अण्णांना विचारलं होतं, “तांबं वाजत नाही, कथील वाजत नाही, मग दोन्ही मिळून घंटा कशी वाजते?”

“ओत आणि बग,” अण्णा म्हणाले होते.

त्यानं दोन वर्षं ओतलं. दोन वर्षं बघितलं. मग म्हणाला, हे उत्तर मला पुरत नाही. आणि गेला. धातुशास्त्र शिकला, मोठ्या परीक्षा दिल्या, आणि एक्केचाळिसाव्या वर्षी धरणाच्या पुनर्वसनाचा अधिकारी होऊन आमच्याच खोऱ्यात उतरला.

आमचं गाव सावरखोल. एकशे चौदा उंबऱ्यांचं. पुढच्या पावसाळ्यात ते पाण्याखाली जाणार होतं. ती लढाई आम्ही आधीच हरलो होतो. आता उरला होता एक कागद. त्यात लिहिलं होतं की बेचाळीस उंबरे एका तालुक्यात, अडतीस दुसऱ्यात आणि चौतीस तिसऱ्यात वसवायचे. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायचं तर दोन एस. टी. बदलायला लागणार.

घोडेमाळावर सगळ्यांना पुरेल अशी एकच सलग जागा होती. ती या सर्जेरावानंच आराखड्यातून काढून टाकली होती. तिथं पाणी पोचायला दीड वर्ष जास्त लागतं म्हणून.

गावानं ठरवलं होतं, अण्णांनी सही केली तर सगळे करतील, नाहीतर कोणी करणार नाही. कागद त्याच संध्याकाळी पाचच्या आत जिल्ह्याला पोचायचा होता. सर्जेराव आला तेव्हा अकरा वाजले होते.

“गाव दावा म्हंतासा,” अण्णा म्हणाले. “मी काय दावू? तुमी शिकल्यालं. तुमीच सांगा.”

“गाव म्हणजे उंबरे. एकशे चौदा. प्रत्येकाला घर मिळतंय, जमीन मिळतेय, नळ मिळतोय. एक म्हातारी सुटलेली नाही, मी स्वतः तपासलंय. मग हरवतंय काय? जो तो म्हणतो, गाव मोडलं. अहो, उंबरे बाजूला काढले तर मागे गाव नावाचं काही उरतं का?”

“न्हाई उरत.”

“तुम्हीच म्हणताय.”

“व्हय. मीच म्हंतोय.”

सर्जेराव जरा गडबडला. भांडायची तयारी करून आलेल्या माणसाला समोरच्यानं होकार दिला की असंच होतं.

“मला वाटलं, तुम्ही आत्म्यावर जाल,” तो म्हणाला. “गावाचा आत्मा, मातीचा आत्मा. रोज कोणी ना कोणी येऊन मला आत्मा ऐकवून जातं.”

“आत्मा मी कधी ओतला न्हाई. घंटेत तांबं आसतंय. कथील आसतंय. तिसरं कायबी न्हाई. तिसरं काय घावलंच तर ती घाण. ती मी पळीनं काढून टाकतो.”

मला हसू आलं. सर्जेरावही हसला. हसला तेव्हा जुना दिसला.

“मग आपण एकाच बाजूला आहोत, अण्णा.”

“बगू.”

अण्णांनी तांब्याचा एक तुकडा घेतला आणि हातोडीनं टोला मारला. थड्. मग कथलाची कांडी घेतली, टोला मारला. थप्. कांडी बोटांनी वाकवली. ती वाकताना कथील कुरकुरतं, तशी कुरकुरली.

“दोनी मऊ. दोनी मुकी. एकात एक घातली की कडक व्हत्यात आणि बोलत्यात. कुठनं आलं ते? इचारलं हुतं कुणीतरी.”

“मी विचारलं होतं.”

“उत्तर घिऊन आलासा?”

“आलोय.” त्यानं मान ताठ केली. मला वाटतं, या एका वाक्यासाठी तो तेवीस वर्षं थांबला असावा. “तांब्याचे कण एकावर एक सरकतात, म्हणून तांबं मऊ. त्यात कथलाचे कण शिरले की जुनी रचना मोडते, नवी बसते, कणांना सरकायला जागा राहत नाही. म्हणून कडक. म्हणून टोला मारला की तो आतल्या आत जिरत नाही, घुमतो. यात चमत्कार नाही.”

“कणात कडकपणा हाय?”

“नाही.”

“आवाज हाय?”

“एका कणात? नाही.”

“मंग कशात हाय?”

“मांडणीत.”

अण्णांनी मान डोलावली. मनापासून डोलावली. म्हणाले, “चांगलं उत्तर हाय. मला आसं सांगता आलं नसतं.”

सर्जेरावाचा चेहरा उजळला. मला त्याचा रागही आला आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदम.

“तुमच्या तोंडातला विडाच घ्या,” तो आता रंगात आला होता. “पान हिरवं, चुना पांढरा, कात मातकट. जीभ मात्र लाल. यात गूढ काय आहे? काही नाही. तीनच वस्तू आहेत.”

“तीनच हायती.”

“तेच म्हणतोय मी.”

“पान मी खातो,” अण्णा म्हणाले. “चुना पद्मा खाईल. कात तुमी खावा. ... कुणाची जीभ लाल व्हईल, साहेब?”

सर्जेरावानं घड्याळाकडे पाहिलं. “उदाहरणं मलाही देता येतात, अण्णा. विडा म्हणजे गाव नव्हे. आपण कागदाचं बोलू.”

“बोला.”

“सगळं भरून झालंय. शेवटच्या पानावर सामाईक मालमत्ता आहे. तलाठी मोजून गेलेत. चावडी, विहीर, पार, यांचं काही करता येत नाही, ते बुडणार. हलवता येण्यासारखी वस्तू एकच. घंटा, एक नग, वजन अठ्ठावीस किलो चारशे ग्रॅम. तिच्यापुढचा रकाना रिकामा आहे. ती कुठल्या वसाहतीला द्यायची?”

“नेम काय सांगतो?”

“सामाईक वस्तू उंबऱ्यांच्या प्रमाणात वाटायची, असं आहे. पण घंटेचं तसं...”

“मंग तसंच करू.”

“म्हणजे?”

“नेमानं करू. पद्मा, घंटा आणाय सांग.”

चावडीपुढच्या या घंटेबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही.

बासष्ट वर्षांपूर्वी माझ्या आजोबांनी ती ओतली. अण्णा तेव्हा विशीत होते आणि भात्यावर होते. त्या साली डोंगरकडा खाली आला आणि वरच्या आळीतली सात माणसं गाडली गेली. खालच्या आळीला कळलं ते दुपारी. म्हणून गावानं घंटा करायचं ठरवलं. देवासाठी नव्हे, एकमेकांना कळवण्यासाठी. प्रत्येक उंबऱ्यानं घरातली एक काशाची वाटी द्यायची, एवढा एकच नियम. लेकराचे तळपाय घासायची वाटी कुठल्या घरात नसते? गरिबाची एक, इनामदाराचीही एकच. दोन दिल्या तर एक परत. उंबरे तेव्हाही एवढेच होते; एकशे चौदा वाट्या एका मुशीत वितळल्या आणि ही घंटा झाली.

तेव्हापासून गावाची एक रीत आहे. घंटा वाजली की हातातलं टाकून यायचं. का वाजली ते आल्यावर विचारायचं.

चौघांनी घंटा काढून आणली. अण्णांनी ती भट्टीवरच्या तुळईला साखळीनं टांगायला लावली. सर्जेरावाला वाटलं, चिठ्ठ्या टाकायच्या असतील. मलाही तसंच वाटलं.

अण्णांनी घण उचलला.

“अण्णा,” मी म्हणाले.

त्यांनी ऐकलं नाही. त्यांनी घाव घातला.

घंटा फुटली नाही. ती वाजली. असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता, कारण एवढ्या जवळून, एवढ्या जोरानं ती कोणी वाजवलीच नव्हती. छातीत भरला तो आवाज. कौलांवरची धूळ खाली आली. नदीपलीकडच्या कड्यावर जाऊन तो परत आला.

आणि मग पावलं वाजायला लागली.

बांधावरून, गोठ्यांतून, नदीवरून माणसं धावत येत होती. कोणाच्या हातात दोर, कोणाच्या हातात घागर, कोणाच्या हातात फावडं. काय झालंय हे एकालाही माहीत नव्हतं. ओल्या लुगड्यानिशी धुणं टाकून आलेल्या बायका होत्या. भाऊबंदकीत सहा वर्षं तोंड न बघणारे दोन भाऊ एकाच शिडीची दोन टोकं धरून आले. अंगण भरलं. कोणी काही विचारलं नाही. घण अण्णांच्या हातात होता, तो सगळ्यांना दिसत होता.

दुसरा घाव काठावर बसला. आवाज फाटला.

तिसऱ्या घावाला ती फुटली. कासं वाकत नाही, तुटतं. मोठा तुकडा सर्जेरावाच्या बुटापाशी येऊन पडला.

मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही. माझ्या आजीच्या हातची वाटी होती त्यात. अंगणात म्हाताऱ्या सरूबाईनं तोंडाला पदर लावला.

अण्णा धापा टाकत होते. घण त्यांनी पुढे केला.

“वाटणी बारीक कराय पायजे. बेचाळीस, आडतीस, चौतीस. कोण करतंय?”

अंगणातून एकही हात पुढे आला नाही. चांगली दांडगी पोरं उभी होती. एकानं तर हात पाठीमागे बांधले.

“कुणी करत न्हाई,” अण्णा म्हणाले. “वाटणी तुमची हाय, साहेब. तुमीच करा.”

सर्जेराव लालबुंद झाला होता. पण तो हट्टी आहे, पहिल्यापासून. त्यानं मनगटातलं घड्याळ काढून खिशात घातलं, बाह्या वर केल्या आणि घण घेतला. हात विसरले नव्हते. नेमक्या जागी घाव घालत त्यानं घंटेचे तुकडे केले. मी चुरासुद्धा कुंच्यानं गोळा करून दिला. तागडी लावली. तीन ढीग झाले.

“जोखलंसा?”

“जोखलं.”

“तिन्ही मिळून किती?”

“अठ्ठावीस किलो चारशे.”

“आदूगर किती हुतं?”

“तेवढंच.”

“काय हरवलं?”

“...वजनात काही नाही.”

“आसं कागदावर ल्ह्या. काय हरवलं न्हाई. वाटणी नेमानं झाली.” अण्णांनी हातोडी त्याच्या हातात दिली. “आता वाजवा.”

सर्जेराव हलला नाही.

“वाजवा की. बेचाळिसांचा ढीग सगळ्यांत मोठा हाय. त्यातनं सुरू करा.”

त्यानं एक तुकडा उचलला आणि टोला मारला. खट्. दुसऱ्या ढिगातला उचलला. खट्. तिसऱ्या ढिगाकडे तो गेलाच नाही.

“मांडणी मोडली,” तो हळू आवाजात म्हणाला.

“व्हय. तुमीच सांगितलंसा, आवाज मांडणीत आसतो. मला एकच समजत न्हाई.” अण्णा तागडीकडे बघत होते. “तागडीत ती आली न्हाई. मांडणीचं वजन किती हुतं, साहेब? कागदावर तिचा रकाना कुठं हाय?”

आता इथं गोष्ट संपायला हवी होती. लोक सांगतात तेव्हा इथंच संपवतात, आणि सर्जेरावानं अण्णांचे पाय धरले असं सांगतात. मी तिथं होते. तसं काही झालं नाही.

सर्जेराव उसळला.

“हे नाटक आहे, अण्णा. एक चांगली घंटा तुम्ही फोडलीत आणि दोष माझ्या कागदाला देताय. मांडणी काय एकच असते? हा ढीग घ्या, ओता. हा घ्या, ओता. तिसरा घ्या, ओता. तीन घंटा होतील. लहान होतील, पण वाजतील. तुम्ही ओतणार नसाल तर मी ओततो, इथं, सगळ्यांसमोर. तीन गावं होतील, तीन नवी गावं, स्वतःच्या आवाजाची. वाजणार नाहीत म्हणा. खोटं म्हणा मला.”



मी त्यांच्याकडे पाहत राहिले. अंगण त्यांच्याकडे पाहत राहिलं. मी त्यांची मुलगी आहे, त्यांच्याकडे उत्तर नसतं तेव्हा ते अंगठ्यानं बोटाची पेरं चाचपतात. ते चाचपत होते.

“वाजतील,” ते शेवटी म्हणाले.

“मग?”

“वाजतील. खोटं का बोलू?”

“मग सही करा.”

अण्णांनी हात पुढे केला. सर्जेरावानं कागद दिला, पेन दिलं. अण्णांनी कागद मांडीवर पसरला. अंगणात कोणीतरी हुंदका दिला.

पेन कागदावर टेकलं आणि थांबलं.

“एक राह्यलं,” अण्णा म्हणाले. “ओढ्याला पूर आला तवा तुमी किती वर्साचं हुतासा?”

सर्जेराव दचकला. “त्याचं आत्ता काय?”

“किती वर्साचं?”

“नऊ.”

“काय आठवतंय?”

“सगळं आठवतंय.”

“सांगा.”

तो बोलला ते अण्णांकडे न बघता, समोरच्या तीन ढिगांकडे बघत बोलला.

“भर दुपार होती. मी आणि आई ओढ्यातून येत होतो. पाणी एकदम आलं. आईनं मला खडकावर चढवलं. ती... ती चढली नाही. मी खडकावर एकटा. घंटा वाजायला लागली.”

“मंग?”

“माणसं आली. दोर पोचेना. गंगाराम भैरे एकटाच उतरला, गावातला सगळ्यांत ताकदवान माणूस. तो काडीसारखा वाहून गेला. खाली पुलाला अडकला म्हणून वाचला. मग सगळ्यांनी हातात हात घातले. काठापासून खडकापर्यंत.”

“किती माणसं?”

“चाळीस. पन्नास. मोजली नाहीत.”

“त्यातला एकटा पाण्यात हुबा राह्यला आसता?”

“नाही.”

“कोन ताकदवान हुतं त्यात?”

“गंगारामच वाहून गेला, तर कोण...”

“मंग पान्यात हुबं कोन हुतं, साहेब?” अण्णांनी कागदावरून मान वर केली. “त्यातली निम्मी माणसं आज हितं अंगनात हायती. तुमास्नी कुणी काढलं? मला दावा. बोट ठिवून दावा.”

सर्जेरावानं अंगणाकडे पाहिलं.

माणसं तशीच उभी होती. दोर हातात, घागरी हातात. सरूबाई होती. तिचा म्हातारा होता, त्या साखळीत त्याचा खांदा निखळला तो आजही वाकडाच आहे. शिडी धरलेले ते दोघे भाऊ होते, त्यांचा बाप साखळीच्या टोकाला होता. सर्जेरावाचा हात उठला. या टोकाकडून त्या टोकाकडे गेला. कोणावरही थांबला नाही.

हात खाली आला.

“गावानं,” तो म्हणाला.

कोणी हललं नाही.

“गावानं पान्यातनं काढलं मला,” तो पुन्हा म्हणाला, आणि या वेळी ते त्याच्या शिकलेल्या मराठीत नव्हतं, आमच्या ओढ्याकाठच्या बोलीत होतं. सुरातसुद्धा.

मग तो वळला आणि बाहेर गेला. मला वाटलं, गेला. जीपपर्यंत जाईल आणि धूळ उडवत निघून जाईल. मी मनातल्या मनात त्याला चार शिव्या दिल्या.

तो उंबऱ्याशी वाकला. बुटाची नाडी सोडली. एक बूट काढला, दुसरा काढला, मोजे काढले. अनवाणी आत आला. भट्टीपुढच्या जमिनीवर पाय टेकवून क्षणभर उभा राहिला, ओल आहे का बघतात तसा. मग अण्णांच्या मांडीवरचा कागद त्यानं काढून घेतला. त्यावर सही नव्हती, पेनाचा एक ठिपका तेवढा होता.

“हा आराखडा माझ्या सहीचा आहे,” तो म्हणाला. “घोडेमाळ चालत नाही, असं मीच लिहून दिलंय. आता चालतो म्हणायचं तर मला माझीच सही खोटी ठरवावी लागेल. वरचे मला ठेवणार नाहीत, अण्णा. आणि मी लिहिलं तरी ते ऐकतीलच असं नाही. आणि दीड वर्ष पाणी नाही तिथं. बायकांना दीड वर्ष लांबून पाणी आणायला लागेल.”

“आणू की,” अंगणातून सरूबाई म्हणाली. “आत्ता काय न्हाई आणत?”

त्यानं खिशातलं घड्याळ काढून पाहिलं. सव्वा वाजला होता.

अण्णा उठले. फळीवरून मुशी काढल्या. एक मोठी होती, बासष्ट वर्षांपूर्वीची, माझ्या आजोबांच्या हातची, कडेला काळी पडलेली. तीन लहान होत्या. चारी मुशी त्यांनी जमिनीवर ओळीनं मांडल्या, तीन ढिगांच्या शेजारी. मला भाता ओढायची खूण केली. मी ओढू लागले. कोळसा लाल झाला, मग पिवळा झाला.

सर्जेराव ढिगांपुढे उकिडवा बसला होता. कागद त्याच्या हातात होता. अण्णा सांडस घेऊन त्याच्या शेजारी येऊन थांबले, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्यांनी त्याला नावानं हाक मारली.

“भट्टी तापली, सर्जा. मूस एक चढवू, का तीन?”